वडापावचा ताळेबंद

बी. कॉम.ला आम्हाला कॉस्टिंग नावाचा विषय होता. कच्चा माल किती, मजुरी किती, भाडं किती हे मांडून वस्तूची खरी किंमत काढायची, असा तो प्रकार. परीक्षेत कुठल्यातरी काल्पनिक कारखान्यातले काल्पनिक बोल्ट असायचे. त्या विषयात मी अगदी काठावर पास झालो, त्यामुळे पुढे आयुष्यात कशाचीही खरी किंमत काढायच्या भानगडीत पडलो नाही. पडलो तो एकदाच, आणि तोही वडापावच्या.

आमच्या बँकेतून स्टेशनकडे जाताना कोपऱ्यावर एक गाडी आहे. संध्याकाळी तिथे उभं राहून एक वडापाव खाल्ल्याशिवाय मला लोकलमध्ये चढायचं बळ येत नाही. एके दिवशी वडा तळून व्हायचा होता म्हणून मी खिशातल्या पे-इन स्लिपच्या पाठीमागे हिशेब मांडला. पाव, बटाटा, बेसन, तेल, गॅस, लसणीची चटणी. तळलेली मिरची फुकट. चुरा मागितला तर तोही फुकट, आणि मी तो रोज मागतो. सगळ्याची बेरीज करून वडापावच्या किमतीतून वजा केली. जे उरलं, त्यात एक माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत कढईसमोर उभा राहतो, हे काही केल्या बसेना. बँकेत असा फरक निघाला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसून शोधतो. हा शोधताना मला थेट पोर्तुगालपर्यंत जावं लागलं.

वडापाव म्हणजे अस्सल मराठी खाणं, याविषयी आपल्यात दुमत नाही. आता घटक पाहा. पाव हा शब्दच पोर्तुगीज. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, तो पोर्तुगीजांनी नावासकट इथे उतरवला. मिरचीही त्यांच्याच गलबतातून आली. चटणीतला शेंगदाणा तिकडचाच. बेसन आणि हिंग-मोहरीची फोडणी काढून घेतली तर वडापाव हा जवळजवळ परदेश प्रवास आहे. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण गेली. बेट गेलं, पाव राहिला.

पुढे गोव्याकडच्या पदेरांनी मुंबईत भट्ट्या घातल्या. जुने पदेर पीठ ताडी घालून फुगवत. साहजिकच आमच्या आजीच्या सोवळ्यात पावाला प्रवेश नव्हता. परधर्मीयाच्या हातचा आणि वर ताडीचा, म्हणजे बाटायची दुहेरी सोय! घरात कोणी आजारी पडलं आणि डॉक्टरनी सांगितलंच तर चहात बुडवून, तोही ओसरीवर बसून. तिचा नातू आज रस्त्यावर उभा राहून रोज तोच पाव मराठी बाण्याने खातो.

पण नुसत्या पावाने काही होत नाही, खाणारा लागतो. तो गिरण्यांनी आणला. 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली, आणि मग परळ, लालबाग, वरळीकडे भोंगेच भोंगे झाले. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, बायकामुलं गावीच ठेवून. एका गाळ्यात पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. यांना जेवू कोण घालणार? चाळीतल्याच बायका. त्यांनी खानावळी चालवल्या. जेवणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणत (हल्ली क्लबात म्हणतात तसं), गैरहजेरीला ‘खाडा’, आणि हिशेब पगाराच्या दिवशी. महिनाभर उधारीवर शिजवायचं, म्हणजे वाण्याकडून उधार आणायचं किंवा सावकाराकडून व्याजाने काढायचं. अंगावरचे दागिने गहाण, आणि भाकरी मात्र वेळेवर.

1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. बँका गरिबांच्या दारी जाणार अशी घोषणा झाली. पण चुलीपुढच्या बाईला बँकेचं दार कुठून उघडतं हे सांगायला 1975 साली प्रेमा पुरव यांना अन्नपूर्णा महिला मंडळ काढावं लागलं. त्यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय, तर एकमेकींची जामीनकी. बँकेच्या परीक्षेसाठी मी गव्हर्नरांची नावं पाठ केली होती, हे नाव त्या पुस्तकात नव्हतं.

पावभाजीच्या जन्माच्या दोन कथा सांगतात. एकीत ती गिरणी कामगारांना चटकन खाता यावी म्हणून झाली. दुसरीत अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी चालू असताना इथे कापसाचे भाव कडाडले, रात्र रात्र व्यापारी पेढीवर बसू लागले, त्यांच्यासाठी झाली. खरं खोटं तवा जाणे. मला एवढंच दिसलं, की दोन्हींत कापूस आहे.

वडापावचं श्रेय मात्र दादर स्टेशनबाहेर 1966 साली गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना देतात. बटाटेवडा होताच, पाव होताच. वडा पावात घातला, एवढंच त्यांनी केलं. पण त्यामुळे जेवायला ताट लागेना, पाट लागेना, बसायला जागा आणि वेळही लागेना. एका हातात डबा किंवा छत्री, दुसऱ्या हातात वडापाव, आणि नजर इंडिकेटरवर, अशी मुंबईकराची मूर्ती त्या दिवशी पुरी झाली.

आणि मग 18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. भोंगे थांबले. गिरणगावातल्या कित्येकांनी घरातलं पातेलं आणि कढई उचलली आणि नाक्यावर येऊन वडे तळायला सुरुवात केली. ज्यांच्यासाठी खानावळ होती तेच आता खाऊ घालायला उभे राहिले. मी शाळेत होतो तेव्हा नाक्यानाक्यावर गाड्या होत्या आणि दोन रुपयांत वडापाव मिळे. तो स्वस्त का, हा प्रश्न त्या वयात पडत नाही. दुसरा घेता येईल का, हा पडतो.

आमच्या कोपऱ्यावरचे काकाही त्यातलेच, हे मला 2020 साली कळलं. त्या मार्चमध्ये लोकल थांबल्या आणि गाडीही थांबली. पुढे फेरीवाल्यांसाठी दहा हजारांच्या विनातारण कर्जाची योजना निघाली. काका एके दिवशी काउंटरवर उभे! रोज मी त्यांच्यापुढे उभा राहायचो, आज ते माझ्यापुढे. फॉर्म भरताना मी विचारलं, “धंदा कधीपासून?”

“ब्याऐंशीपासून.”

“आणि त्याआधी?”

“साचेखात्यात होतो, साहेब.”

पालिकेचं प्रमाणपत्र मात्र नव्हतं. मी अत्यंत नम्रपणे म्हणालो, “कागद आणा काका, मग बघू.” हे वाक्य मी रोज दहा जणांना म्हणतो आणि त्याची मला झोपेतही सवय आहे.

पुढे गाडी पुन्हा लागली. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी न मागता चुरा घातला. तो घशाखाली उतरेना. अडतीस वर्षं माणूस एका जागी उभा आहे, ही गोष्ट मला ठाऊक होती, अख्ख्या स्टेशनला ठाऊक होती, फक्त कागदाला ठाऊक नव्हती. मग रजा टाकून मी त्यांच्याबरोबर वॉर्ड ऑफिसात गेलो. तीन खेपा घातल्या. काउंटरच्या पलीकडच्या बाजूने जग कसं दिसतं ते पाहिलं. तिथल्या माणसानेही अत्यंत नम्रपणे सांगितलं, “कागद आणा, मग बघू.” शेवटी शिफारसपत्र मिळालं आणि कर्ज मंजूर झालं.

पैसे खात्यात पडले त्या दिवशी काकांनी विचारलं, “साहेब, बँकेच्या वहीत माझं नाव कुठल्या बाजूला लिहिलंत?”

“मालमत्तेच्या,” मी म्हणालो. “तुमच्याकडून पैसे यायचेत ना आम्हाला.”

ते बराच वेळ हसत होते. मग झारा कढईच्या काठावर आपटत म्हणाले, “गिरणीच्या वहीत देण्याच्या बाजूला होतो. अजून तिथंच असणार.”

आणि मला विचारलं, “मिरची देऊ?”