किलेअर्कातले दप्तर

एखादी संस्था चालती असते तोवर तिच्या कागदांची राखण तिचा व्यवहारच करतो, कारण जुनी पावती किंवा जुना ठराव केव्हा दाखवावा लागेल याचा नेम नसतो. कागदांवर खरा प्रसंग ओढवतो तो कचेरी हलल्यावर आणि माणसे बदलल्यावर. हौशी पाणबुड्यांच्या एखाद्या संघाच्या नोंदवह्या माजी चिटणिसाच्या माळ्यावर पडून राहाव्यात, तसे दख्खनच्या मोगल सुभ्यांचे दप्तर छत्रपती संभाजीनगरच्या किलेअर्कात पडून राहिले आणि, आश्चर्य म्हणजे, बऱ्याच अंशी टिकले.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकी या नगरास औरंगजेबाने आपल्या दुसऱ्या सुभेदारीच्या काळात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे नाव दिले, आणि पुढे मराठ्यांशी व दख्खनच्या सुलतानांशी लढण्यासाठी तो स्वतः दक्षिणेत उतरल्यावर १६९२ मध्ये येथे किलेअर्क, म्हणजे बादशाही निवासाचा कोट, उभा राहिला. मोगल सत्ता ओसरल्यावर निजामाची गादीही प्रथम याच शहरी होती. १७६३ मध्ये निजाम अलीने राजधानी हैदराबादला नेली, तेव्हा चालू कारभाराचे कागद राजधानीबरोबर गेले असावेत, आणि ज्या मनसबी संपल्या होत्या, ज्यांचे पगार देणारा आणि घेणारा दोघेही हयात नव्हते, ते हिशेब मागे राहिले. निजाम सरकारने ते १९१६ मध्ये हैदराबादच्या ‘दफ्तर-ए-दिवाणी’त, म्हणजे महसुली अभिलेखांच्या कचेरीत, हलवले. हे सुमारे दीड लाख कागद शाहजहान व औरंगजेब यांच्या कारकिर्दींतले असून त्यांतील फार मोठा वाटा औरंगजेबाच्या काळाचा आहे.

या ढिगात फर्माने थोडी आणि रोजकीर्द फार, हीच त्याची खरी किंमत. त्यातील ‘अर्ज-ओ-चेहरा’ या प्रकारचे कागद पाहण्याजोगे आहेत. मोगल लष्करात मनसबदाराला दोन अंकांनी मोजत: ‘जात’ हा अंक त्याचा वैयक्तिक दर्जा दाखवी आणि ‘सवार’ हा अंक त्याने किती घोडेस्वार बाळगावेत ते सांगे. हजेरीच्या दिवशी भाड्याची माणसे आणि उसनी तट्टे उभी करून पुऱ्या पथकाचा तनखा उचलण्याची चलाखी सर्रास होत असल्यामुळे अकबराच्या काळापासून घोड्याला डाग देण्याची आणि स्वाराचा ‘चेहरा’ लिहून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. चेहरा म्हणजे स्वाराचे नाव, बापाचे नाव, जात, वर्ण, कपाळ रुंद की अरुंद, भुवया जुळलेल्या की सुट्या, नाक, तीळ, जुन्या जखमेची खूण आणि अदमासे वय. त्याखाली घोड्याचा रंग आणि डाग. ज्या शिपायाचे नाव कोणत्याही बखरीत येणार नव्हते, त्याच्या भुवया सरकारी संशयामुळे इतिहासात राहिल्या. दरबारी इतिहासकाराच्या स्तुतीपेक्षा कारकुनाचा अविश्वास अभ्यासकाला अधिक उपयोगी पडतो तो असा.

हे कागद टिकण्यास कोणाची दक्षता कारणीभूत झाली असे म्हणवत नाही. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला कागद एकोणिसाव्या शतकातील लाकडी लगद्याच्या यंत्रनिर्मित कागदाइतका लवकर पिवळा पडून तुटत नाही, आणि काजळीची शाई लोहयुक्त शाईसारखी कागद खात नाही, मात्र पाणी लागले की पसरते. (अशा हातकागदाचे एक जुने केंद्र, कागजीपुरा, दौलताबादहून खुलताबादेकडे जाणाऱ्या वाटेवरच आहे.) मराठवाड्याची कोरडी हवा कोकणातल्या ओलीपेक्षा कागदाला मानवते, राहता राहिली वाळवी आणि कसर, आणि त्यांनी आपला वाटा घेतलाच. उपेक्षेचाही एक लाभ झाला असावा: ज्याला कोणी निरुपयोगी ठरवण्याइतकेही वाचले नाही, ते निवडून जाळलेही गेले नाही.

या कागदांवर पुढे काम मोजके पण मोलाचे झाले. यूसुफ हुसैन खान यांच्या संपादनाखाली शाहजहानच्या कारकिर्दीतील निवडक कागदांचा खंड १९५० मध्ये आणि औरंगजेबाच्या कारकिर्दीचा १९५८ मध्ये हैदराबादहून प्रसिद्ध झाला. या दोन खंडांच्या मध्ये १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख येते: राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दप्तर आंध्र प्रदेशात, पुढे २०१४ मध्ये तेलंगणात, राहिले. त्यामुळे एकेकाळी संभाजीनगरात असलेले हे कागद वाचण्यासाठी येथील अभ्यासकाला आज परराज्यात, हैदराबादच्या तारनाका भागातील अभिलेखागारात, जावे लागते. पुण्याच्या पेशवे दप्तराचे निवडक ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत निघाले आणि मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले; हे फार्सी दप्तर तसे झाले नाही. ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ ही माला चालवली, आणि निलंग्यात जन्मलेल्या, हैदराबाद संस्थानच्या नोकरीत राहिलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल साधने मराठीत आणली, परंतु फार्सी जाणणाऱ्या मराठी अभ्यासकांची ती परंपरा पुढे विरळ झाली.

अडचण केवळ अंतराची नाही. हे कागद बहुधा ‘शिकस्त’ लिपीत, म्हणजे घाईच्या कारकुनी वळणात, लिहिलेले असतात, जिच्यात अक्षरे एकमेकांत गुंतवतात आणि नुक्ते वारंवार गाळतात. नुक्ता गेला की ब, प, त आणि न यांच्या सुरुवातीच्या आकारांत फरक उरत नाही. फार्सीचा पंडित वाक्य लावू शकतो, पण परगण्याचे किंवा खेड्याचे नाव त्याला अर्थावरून लावता येत नाही. तेथे पैठण, फुलंब्री, कन्नड या मुलखातली गावे, वाड्या आणि त्यांची जुनी नावे तोंडपाठ असलेला माणूस शेजारी बसावा लागतो. म्हणूनच या कागदांच्या छायाप्रती तरी संभाजीनगरात असाव्यात, ही मागणी शहराच्या अभिमानापेक्षा वाचनाच्या गरजेतून करणे अधिक रास्त ठरेल.