पेलेआजीचे अंगण

अग्नीला आपण देव म्हणतो खरे. पण तो चुलीत, समईत नि होमकुंडात गुण्यागोविंदाने बसलेला असेतोवर. तोच डोंगराचे पोट फोडून बाहेर पडला आणि रान जाळीत समुद्राकडे निघाला, तर त्याच्याशी बोलायचे कसे? पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटाचे लोक मात्र त्याच्याशी पिढ्यानपिढ्या बोलत आले आहेत. नुसते बोलत नाहीत. थट्टा करतात, रुसवा काढतात, हातातला घास वाटून खातात.

त्यांच्या या अग्निदेवतेचे नाव पेले. किलाउएया ज्वालामुखीच्या हालेमाउमाउ नावाच्या विवरात तिचे घर. तप्त शिलारसाच्या लोटाने ती रान पेटवते, वस्त्या गिळते, आणि त्याच शिलारसाने बेटाला नवी जमीनही जोडते. भूमी खाणारी बाई अशी तिची ख्याती. तरी घरगुती बोलण्यात ती ‘तूतू पेले’, म्हणजे पेलेआजी! शिलारसाचे थेंब हवेत ओढले जाऊन काचेचे सोनेरी तंतू होतात, ते तिचे केस. काळे काचमणी होऊन थिजतात, ते तिचे अश्रू. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांनीही हीच नावे पत्करली आहेत.

इंग्रज मिशनरी विल्यम एलिस १८२३ साली या बेटावर हिंडला. त्याला लोकांनी काहावाली नावाच्या सरदाराची गोष्ट सांगितली. सरदार डोंगरउतारावर ‘होलुआ’ नावाची लाकडी घसरगाडी खेळत होता. एक अनोळखी बाई आली नि शर्यत लाव म्हणाली. शर्यत झाली, ती हरली. मग तिने त्याची गाडी मागितली. ‘तू काय माझी बायको लागून गेलीस?’ असे म्हणून त्याने तिला उडवून लावले. बाई म्हणजे साक्षात पेले! तिने पाय आपटला, डोंगर फुटला, आणि शिलारस सरदाराच्या पाठी लागला. पळता पळता सरदाराने आईचा निरोप घेतला, बायकोचा घेतला, आणि लाडक्या डुकराच्या नाकाला नाक लावून त्याचाही घेतला! मग भावाची होडी गाठून तो समुद्रात निसटला. ही गोष्ट हसत हसतच ऐकायची. पण अनोळखी बाईशी उर्मटपणा करू नये, हा धडा पोरांच्या मनात आपोआप उतरतो.

विवराच्या कडेला ओहेलो नावाची लाल फळे पिकतात. ती आधी पेलेला द्यायची, मगच आपण खायची, अशी रीत. १८२४ साली कापिओलानी ही ख्रिस्ती झालेली सरदारीण मुद्दाम चालत तेथे गेली. पेलेच्या पुजारणीने धाक घातला, तरी तिने ओहेलो देवीला न देता खाल्ली, विवरात दगड फेकले आणि आपल्या नव्या देवाची प्रार्थना केली. काहीच घडले नाही. एका बाईच्या धैर्याने पिढ्यांची दहशत मोडली.

दहशत मोडली, तशी पेलेही विसरली जायला हवी होती. तसे झाले नाही. १८८१ साली मौना लोआ डोंगराचा शिलारस हिलो शहराच्या रोखाने सरकू लागला. चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाल्या. तेव्हा राजघराण्यातली वृद्धापकाळाकडे झुकलेली राजकन्या रूथ केलिकोलानी होनोलुलूहून बोटीने आली. रेशमी रुमाल आणि ब्रँडी तिने पेलेला वाहिली, असे सांगतात. लोट हिलोच्या वेशीजवळ थांबला. तो ब्रँडीने थांबला, प्रार्थनेने, की डोंगरातला रसच आटल्याने, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे.

मला वाटते, या दोघी बायका एकमेकींच्या विरुद्ध नव्हत्या. एकीने भीती घालवली, दुसरीने नाते राखले. भीती गेल्यावर उरते ती रीत. आणि धोक्याच्या तोंडाशी संसार मांडणाऱ्याला तिचा मोठा आधार असतो. भेदरलेला माणूस पळतो, माजलेला माणूस गाफील राहतो. ज्याला शेजारणीचा स्वभाव ठाऊक आहे, तो बोचके बांधून ठेवतो आणि तरीही गाणी गातो.

२०१८ सालच्या मे महिन्यात पुना भागात वस्तीमधूनच जमीन दुभंगली. सुमारे सातशे घरे गेली. लोक रडले, शासनाच्या छावण्यांत राहिले. पण कित्येकांनी भेगांपुढे हिरवी पाने आणि फुले ठेवली. आपण आजवर आजीच्याच अंगणात राहत होतो, तिने आपले परत नेले, असे म्हणणारेही त्यांत होते.

आणि आजीने काय केले? सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर नवी जमीन बेटाला जोडून दिली. पोहोइकी येथे काळ्या वाळूचा नवाकोरा किनारा घडवला, आणि त्याच वाळूने कोळ्यांचा होड्या उतरवायचा धक्का बुजवून टाकला! एका हाताने खाऊ द्यावा नि दुसऱ्या हाताने टपली मारावी, ही आजीची जुनीच खोड आहे.