जागरणाचा शंभर वर्षांचा हिशेब

वाचकहो, आपल्या घरांत जागरणाला मोठा मान आहे. खंडोबाचे जागरण असो, परीक्षेची रात्र असो की आजाऱ्याच्या उशाशी काढलेली रात्र असो, “डोळ्याला डोळा लागू दिला नाही” असे आपण अभिमानाने सांगतो. मीही सांगत असे. आईच्या शेवटच्या आजारात तीन रात्री जागून मी सकाळी दवाखान्यात बसलो. मी अगदी ताजातवाना आहे, असे मला वाटत होते. तेवढ्यात कंपाउंडर हळूच म्हणाला, “डॉक्टर, या बाईंच्या पुड्या तुम्ही मघाशीच बांधल्यात.” मला काहीच आठवत नव्हते. तेव्हापासून मी या विषयाचा इतिहास वाचत आलो आहे.

तो सुरू होतो १८९६ साली, अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात. पॅट्रिक आणि गिल्बर्ट या दोघांनी तीन माणसांना ९० तास जागे ठेवले आणि त्यांची स्मरणशक्ती, स्नायूंची ताकद व प्रतिसादाचा वेग मोजला. तिघांचे वजन वाढले, पण मन मंदावले. एकाला तर जमिनीवर हलणारे कण दिसू लागले. पोटभर झोप मिळताच ते नाहीसे झाले.

पण मेंदूत काय घडते, हे बाहेरून कसे कळणार? १९२९ मध्ये जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला आणि झोप व जाग यांतला फरक कागदावर उमटू लागला.

पुढचा महत्त्वाचा टप्पा १९५९ चा. वॉल्टर रीड या अमेरिकन लष्करी संशोधन संस्थेतील विल्यम्स, ल्युबिन आणि गुडनाऊ यांनी दाखवले, की जागलेला माणूस सारखाच मंद राहत नाही. बराच वेळ तो जवळजवळ नेहमीसारखे काम करतो. मधेच काही क्षण त्याचे लक्ष पार तुटते. जागरण वाढते तशा या तुटी वाढतात आणि लांबतात. धोका आहे तो इथेच. गाडी चालवणाऱ्याला तेवढे दोन-तीन सेकंद पुरे होतात.

१९६४ च्या जानेवारीत सॅन दिएगोच्या रँडी गार्डनर या १७ वर्षांच्या मुलाने २६४ तासांचे जागरण पूर्ण केले. अखेरच्या दिवसांत त्याने झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट यांना पिनबॉलच्या खेळात हरवले! जागरणाने काही बिघडत नाही, असे त्यावरून अनेकांना वाटले. पण अकराव्या दिवशी त्याला १०० मधून ७-७ वजा करायला सांगितले, तेव्हा तो ६५ वर थांबला. का थांबलास, असे विचारल्यावर म्हणाला, काय करत होतो तेच विसरलो. खेळाची चुरस मेंदूला तेवढ्यापुरती जागवते. एकसुरी कामात खरे उघडे पडते.

२००० साली वॉल्टर रीडच्याच संशोधकांनी दाखवले, की २४ तासांच्या जागरणानंतर थॅलॅमस आणि कपाळामागचा मेंदू कमी ग्लुकोज वापरतो. लक्ष आणि निर्णय यांचा भार याच भागांवर असतो.

मला सर्वांत जास्त हलवले ते २००३ च्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रयोगाने. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप घेणाऱ्यांची दोन आठवड्यांत जी अवस्था झाली, ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांसारखी होती. आणि त्यांना स्वतःला ते जाणवत नव्हते!

आम्हा जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात निद्रेचे पाच प्रकार दर्शनावरण कर्मात, म्हणजे पाहण्यावर पडदा टाकणाऱ्या कर्मात, मोजले आहेत. बसल्या बसल्या येणाऱ्या डुलकीला तिथे ‘प्रचला’ म्हणतात. लहानपणी हे नुसते पाठ केले होते. आपल्यावर पडदा पडला आहे हे पडद्याआडच्याला दिसत नाही, हे कळायला कंपाउंडर लागला.

आमच्या होमिओपॅथीच्या ग्रंथांत रात्रीच्या शुश्रूषेने थकलेल्यांसाठी कॉक्युलस सांगितले आहे. मी मात्र अशा माणसाला आधी झोपायला पाठवतो, कारण झोपेची जागा कोणतीही पुडी घेत नाही.

म्हणून वाचकहो, घरात कोणी आजारी असेल तर उशाशी बसायच्या पाळ्या लावा. जो म्हणतो “मला काही होत नाही, मी ठीक आहे,” त्याची पाळी आधी बदला.