चुली मोजल्या, ऊब नाही

समजा, सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घरं कशी गरम ठेवत, यावर तुम्हाला काम करायचंय. पहिल्यांदा हाताशी येतात त्या ‘हार्थ टॅक्स’च्या याद्या. १६६२ साली हा कर लागला. घरातल्या दर चुलीमागे (म्हणजे भिंतीतल्या फायरप्लेसमागे) वर्षाला दोन शिलिंग, सहामाही हप्त्यांत. १६८९ मध्ये तो रद्द झाला.

यादीत माणसाचं नाव आणि पुढे चुलींचा आकडा. सहा चुली दिसल्या की आपण लिहून मोकळे होतो, ‘घर उबदार होतं.’ जरा थांबा. कर चुलीवर होता, जळणावर नाही. सहापैकी रोज किती पेटत, कोळसा परवडत होता का, हे यादी सांगत नाही. काही नोंदींत तर चूल ‘बुजवलेली’ असा शेरा आहे. कर चुकवायला बुजवली, की आधीपासूनच बंद होती?

मग मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या बघा. चिमटे, लोखंडी जाळी, कोळसा कुठल्या खोलीत होता, हे त्यांत बरेचदा खोलीवार मिळतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. करवसुलीवाल्याला पैसे मोजायचे होते. थंडी कोणाच्या वाट्याला आली, हे शोधायचं काम तुमचं.