घाण उतरते कुठं, अनुदान जातं कुठं?

शोषखड्ड्याला पैसे इतके थोडे का, असं गटाच्या बैठकीत आम्हाला नेहमी विचारलं जातं. त्याचं उत्तर जुनं आहे, म्हणून आज थोडं मागं जाऊ.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. कागदावर नाव यशवंतसागर, आपल्या तोंडी मात्र फुगवटाच. भीमाकाठची गावं उठली आणि वर माळावर येऊन बसली. धरणात सगळं मिळून ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणजे रांजणाच्या तळाला राहतं तसं पाणी. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे-पिंपरीचं मैलापाणी घेऊन भीमेला मिळतात आणि भीमा ते इथं आणून सोडते. घरचा रांजण आपण आठवड्याला घासतो. हा कोण घासणार?

कायदा धरणाच्या आधीपासून होता. महाराष्ट्रानं जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, देशाचा १९७४ साली आला. घाण सोडणाऱ्याला शिक्षा, असा त्याचा रोख. ज्यांच्या दारात घाण येते त्यांच्या हातात काय द्यायचं, याचा विचार त्यात फारसा नव्हता.

सफाईला सरकारी पैसा खऱ्या अर्थानं आला तो १९८६ मध्ये, गंगा कृती योजनेतून. सुरुवात झाली गंगेकाठच्या मोठ्या शहरांपासून. १९९५ मध्ये राष्ट्रीय नदी संवर्धन योजना निघाली आणि इतर नद्या पात्र ठरल्या. आपल्या राज्यात कराड, सांगली, नाशिक, नांदेड अशी नावं आली. नद्या वाढल्या, पण हिशोब शहराचाच राहिला. जिथं मैला तयार होतो तिथं प्रकल्प, म्हणून तिथंच अनुदान. जानेवारी २०१६ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेसाठी ९९० कोटींची योजना मंजूर झाली: ११ शुद्धीकरण केंद्रं आणि खर्चातला ८५ टक्के वाटा केंद्राचा. ती हवीच होती, वरचं पाणी स्वच्छ झालं तर आपलाच फायदा. पण काम उभं राहायला वर्षांमागून वर्षं गेली, आणि तोवर खाली जलपर्णी काढायची, हिरवं पाणी गाळून भरायचं, हे बाईच्याच वाट्याला.

गावांना दार उघडलं ते स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून. पाच हजारांपर्यंत वस्ती असेल तर सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, त्याहून मोठ्या गावाला ६६०. दोन हजारांच्या गावाला झाले ५ लाख ६० हजार, त्यातले ३० टक्के ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. तेही फक्त गावच्या मोरीच्या पाण्यासाठी. आपली मोरीही फुगवट्यातच जाते, तेव्हा त्याला आमची ना नाही. पण वरून येऊन साठलेल्या पाण्याचं काय? माणसं मोजली ती सांडपाणी करणारी म्हणून. तेच पाणी पिणारी म्हणून कुणी मोजली नाहीत.

मोजण्याची पद्धत बदलता येते. नमामि गंगेत नदीकाठच्या गावांनाही शौचालयांसाठी पैसा मिळाला. अमेरिकेनं १९७२ च्या कायद्यात शहरांच्या शुद्धीकरण केंद्रांना मोठं अनुदान दिलं आणि १९८७ मध्ये शेतातून वाहून येणारं प्रदूषण रोखण्याची कामंही पात्र केली. हे आपल्यालाही लागू पडतं बरं का, उसाला टाकलेलं खत पावसाबरोबर शेवटी धरणातच येतं.

पंधराव्या वित्त आयोगानं गावाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, निम्मा-निम्मा. तो कुठं खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येतं. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. पुढच्या महिला सभेत गटांनी हा हिशोब मागावा, आणि फुगवट्याकाठच्या गावांना नदीसफाईच्या अनुदानाला पात्र धरावं, असा ठराव लिहून घ्यावा. नुसतं तोंडी बोलून उठू नका, वहीत नोंद झाली का ते बघा आणि ठरावाची नक्कल मागून घ्या.