लशुनकल्प ते चयापचय : लसणीच्या देहातील प्रवासाचा इतिहास

प्रस्तावना

लसूण खाल्ल्यानंतर तोंड स्वच्छ धुतले तरी श्वासाचा वास कित्येक तास जात नाही. शरीरात शोषल्या गेलेल्या गंधकयुक्त संयुगांचा तो परिणाम होय. लसणीचा अंश खाणाऱ्याच्या देहातून पुढे जातो, ही कल्पना मात्र रसायनशास्त्राहून फार जुनी आहे. या जुन्या कल्पनेचे आधुनिक चयापचयाच्या ज्ञानाशी नेमके नाते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निषेध आणि पर्याय

मनुस्मृतीने द्विजांना लसूण वर्ज्य ठरविली. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील रसायन अध्यायात अमृत चोरणाऱ्या राहूच्या कापलेल्या गळ्यातून लसूण उत्पन्न झाल्याची कथा येते आणि त्याच ठिकाणी तिचे औषधी सेवनही सांगितले आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात याच ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली.

निषेध आणि उपचार यांचा मेळ घालणारा एक उपाय भूर्जपत्रावरील बॉवर हस्तलिखितात आढळतो. हे हस्तलिखित 1890 मध्ये कुचा येथे हॅमिल्टन बॉवर याच्या हाती आले. त्यातील लशुनकल्पानुसार, तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवलेल्या गाईला गवतात लसणीच्या पाती मिसळून द्याव्यात. तिचे दूध, दही, तूप वा ताक ब्राह्मणाने घेतल्यास आचारही सांभाळला जातो आणि रोगही हटतो. गाईने खाल्लेल्या द्रव्याचा गुण तिच्या दुधात उतरतो, हे येथे गृहीत धरलेले आहे.

बालरोगविषयक ‘काश्यपसंहिते’तही लशुनकल्प आहे. हा ग्रंथ 1938 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात बाळंतिणीच्या आहारात लसणीला स्थान आहे. कोकणातून व घाटावरून भांडुपसारख्या उपनगरांत येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांनी अशा चालीरीती आपल्याबरोबर आणल्या.

रसायनशास्त्राची वाटचाल

1844 मध्ये थिओडोर वेर्टहाइम याने लसणीचे तेल ऊर्ध्वपातनाने वेगळे केले. ‘ॲलिल’ ही संज्ञा त्या संशोधनातून आली. 1944 मध्ये कॅव्हॅलिटो व बेली यांनी ॲलिसिन वेगळे केले, तर स्टोल व सीबेक यांनी त्याचे मूळ द्रव्य ॲलिन असल्याचे दाखविले. अखंड पाकळीत ॲलिन आणि ॲलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की त्यांचा संयोग होऊन ॲलिसिन तयार होते.

ॲलिसिन शरीरात फार काळ टिकत नाही. ग्लुटाथिओन व सिस्टीन यांच्याशी त्याची झपाट्याने अभिक्रिया होते. त्यातून निर्माण होणाऱ्या ॲलिल मरकॅप्टनला मिथिल गट जोडला जाऊन ॲलिल मिथाइल सल्फाइड बनते. हे संयुग रक्तातून फुप्फुसांत पोहोचते. 1999 मधील एका अभ्यासात, लसणीतील इतर वायू प्रामुख्याने तोंडात उगम पावतात, तर हा वायू आतड्यातून रक्तामार्गे येतो, असे आढळले. त्याच्या काही भागाचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फॉक्साइड व सल्फोन तयार होतात.

दुधातील पुरावा

1991 मध्ये मेनेला व ब्यूशॅम्प यांनी स्तनदा मातांना लसूण दिली. त्यांच्या दुधाचा वास सुमारे दोन तासांनी सर्वाधिक तीव्र झाला आणि अर्भके स्तनाशी अधिक वेळ राहिली. 2016 मध्ये जर्मन संशोधकांना मातेच्या दुधात ॲलिल मिथाइल सल्फाइडबरोबर त्याचे सल्फॉक्साइड व सल्फोनही सापडले. या तिघांपैकी पहिल्यालाच लसणीचा वास आहे.

निष्कर्ष

खाल्लेल्या लसणीचा अंश दुधात उतरतो, हे लशुनकल्पाचे गृहीतक आधुनिक विश्लेषणाने खरे ठरविले. तथापि यावरून प्राचीनांना गंधकाचे चयापचय अवगत होते, असे म्हणता येत नाही. तसेच अंश दुधात सापडला म्हणून त्या दुधाने रोग बरा होतो, हेही सिद्ध होत नाही. तीन संयुगांपैकी दोन गंधहीन असल्याने केवळ घ्राणेंद्रियाच्या बळावर ती कळणे शक्यच नव्हते. परंपरेने मार्ग ओळखला, प्रक्रिया प्रयोगशाळेने उलगडली. या दोहोंतील सीमारेषा स्पष्ट ठेवली तरच परंपरेचे खरे मोल ठरविता येईल.