लिटरला किती देते?

मोटार ही हौसेची वस्तू, असे आपण म्हणतो. मला मात्र वाटते, आपल्याकडे मोटारीचा इतिहास हौसेने थोडा आणि काटकसरीनेच फार घडवला आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली. बंगालमधल्या उत्तरपाऱ्याहून अँबॅसडर आली. परवान्यांच्या त्या काळात गाडी पसंत करायची म्हणजे दोन-तीन नावांपैकी एक निवडायचे, आगाऊ पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहायची!

मग १९७३ चा ऑक्टोबर उजाडला. अरब राष्ट्रांनी तेल अडवले आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव १९७४ च्या जानेवारीत १२ डॉलरांच्या घरात गेला. इथेही पेट्रोल कडाडले. मोटार ठेवणारी मंडळी बाहेर पडण्यापूर्वी हिशेब करू लागली.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० अवतरली. इंजिनांचे आकडेच पाहा: अँबॅसडर १४८९ सीसी, फियाट १०८९, मारुती ७९६. एवढीशी गाडी घाटात काय टिकणार, अशी शंका घेणाऱ्यांच्या दारातही पुढे तीच उभी राहिली.

मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. नव्या गाडीचे पेढे खाताखाता पाहुणे आजही विचारतात, "लिटरला किती देते?" याला कुणी कंजूषपणा म्हणो. पेट्रोल आणि मुलांची फी ज्या घरी एकाच पगारातून निघते, त्या घराचे शहाणपण मला या प्रश्नात ऐकू येते.